आखाजीला भरलेलं तुझं मडकं

गिरणाकाठ, ता. पाचोरा
२२ मे १९८९

चि. रतिलाल यास,

सोमवार, दिनांक ८ मे १९८९, दुपारी बाराला दहा कमी असताना, ऐन आखाजीच्या (तुमच्या पुण्याच्या भाषेत अक्षय्यतृतीयेच्या) दिवशी माझ्या घरात जे घडलं त्याला सर्वस्वी तू जबाबदार आहेस. हे आधी लिहून ठेवते, मग आशीर्वाद. तर आशीर्वाद. तुझी प्रकृती उत्तम असणारच, कारण इजिप्तच्या उन्हात तू कसा तांबूस झाला आहेस हे तुझी आई सगळ्या धुळ्याला सांगत फिरते. तिथल्या पाच हजार वर्षांपूर्वीच्या घरांच्या कच्च्या विटा तुम्ही कुंचल्याने झाडून एकेक मोकळी करता, असं तू लिहिलंस. झाडा. माझ्या भिंतीही कच्च्या विटांच्याच आहेत आणि त्या सध्या कोणीतरी खात आहे. पण क्रमाने सांगते.

गेल्या वर्षी तू नदीकाठचं पांढरीचं टेकाड खणलंस. (उजाड झालेल्या वस्तीची ती माती गावाला दर उन्हाळ्यात घरांच्या मातीच्या धाब्यावर टाकायला लागते. ती तू अडवलीस आणि बोलणी मी खाल्ली.) टेकाडात कच्च्या विटांची एक खोली निघाली आणि तिच्या जमिनीखाली, चुलीच्या कडेला, तोंडाला तोंड लावून आडवी ठेवलेली दोन मडकी. आत दीड वर्षाचं मूल. हाडं तू कापसात गुंडाळून पत्र्याच्या पेटीतून पुण्याला, तुमच्या संस्थेत पाठवलीस. मडक्यांना जीपमध्ये जागा नव्हती (तुमच्या घडीच्या खुर्च्यांना होती). "फुई, महिनाभर राहू दे तुझ्याकडे," असं सख्ख्या आत्याला म्हणालास आणि इजिप्तला चालता झालास. मी धुळ्याच्या टेलिफोन एक्स्चेंजमध्ये जन्म काढला आहे. "एक मिनिट थांबा" म्हणून गेलेला माणूस किती वेळाने परत येतो हे मला कळायला हवं होतं.

आता आखाजी. पितरांची घागर कशी भरतात हे तिकडे विसरला असशील, म्हणून लिहिते. कोरी घागर पाण्याने भरायची, तिच्यावर लहान मडकं, त्यावर डांगर, म्हणजे खरबूज, आणि गेलेल्यांची नावं घेऊन पाणी सोडायचं, की ते त्या दिवशी घरी जेवायला येतात. कुंभाराकडून आणलेली घागर यंदा ओट्यावरच फुटली. माध्यान्ह व्हायला आलेली. तेव्हा भिकुबाई (जी माझ्याकडे कामाला आहे आणि माझ्यावर देखरेखीला) मागच्या खोलीत गेली, तुझं मोठं मडकं उचललं, तू शाईने लिहिलेला आकडा चिंचेने घासून काढला आणि ते काठोकाठ भरून उंबऱ्यापाशी मांडलं. वर तुझंच लहान मडकं. मी सासऱ्यांचं नाव घेतलं, ह्यांचं घेतलं आणि मग माझं लक्ष गेलं.

"ही घागर कुठली गं?"

"मांगनी खोलीमा व्हती. रिकामीच पडेल व्हती."

मी तोंड उघडायच्या आत तिने हात जोडले आणि म्हणाली, "जेनं मडकं शे, तो बी येवो." म्हणजे ज्याचं मडकं, त्यालाही जेवायचं आवतण.

गल्लीत पोरी झोक्यावर गाणी म्हणत होत्या. ती गाणी एकदम थांबली. घरात इतकी शांतता झाली की मडक्यातलं पाणी हललेलं मला ऐकू आलं. नंतर पोरींना विचारलं, गाणं मध्येच का सोडलं? त्या म्हणाल्या, आक्का, आम्ही कुठे थांबलो होतो?

दुसऱ्या दिवशी मडक्यातलं पाणी वीतभर उतरलं होतं आणि खालची जमीन कोरडी. मी म्हटलं, मे महिना आहे. भिकुबाई म्हणाली, "पोरले तहान लागेल शे," आणि पुन्हा भरलं. तेव्हापासून रोज भरते आणि रोज उतरतं. मग भिंत. स्वयंपाकघरात माझ्या गुडघ्याएवढ्या उंचीवर विटेत खळगा पडला, आतून गुळगुळीत, चाटल्यासारखा, कडेला बारीक दातांच्या खुणा. मी घुशीवर आरोप ठेवला. पाचोऱ्याहून कय्युममिस्त्रीला बोलावून खळगा लिंपून घेतला. (माती त्याने अर्थातच टेकाडावरून आणली.) सकाळी तेवढीच माती नाहीशी, जुन्या विटेला धक्का नाही. कय्युमने खळग्यात बोट घालून पाहिलं आणि थापी पिशवीत ठेवली. "बाईसाब, घूस को इतने छोटे दाँत नहीं होते," एवढंच म्हणाला आणि चहा न घेता गेला. चहा न घेता गेलेला गवंडी मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिला.

सिस्टरांच्या कॉन्व्हेंट शाळेत आम्हाला भुताखेतांचं काही शिकवलं नाही. होती नव्हती ती सगळी जागा पापाने अडवलेली असे. तरीही मी मागच्या खोलीच्या दारात उभी राहून त्याला इंग्रजीत खडसावलं, कारण इंग्रजीत मी रागावले की एक्स्चेंजमधल्या मुली रडत.  ते दार, जे कधीच नीट लागत नाही, हळूच लागलं. नंतर मलाच कसंसं झालं. परवा भाकरी थापताना पदराला मागून ओढ लागली. खिळ्यात अडकला असेल म्हणून मी मागे पाहिलं नाही. त्या भिंतीला खिळा नाही. मांजरासाठी म्हणून चुलीमागे वाटीभर दूध ठेवते, वाटी रिकामी होते. मांजर आखाजीपासून घरात पाऊल टाकत नाही.

हा माझ्या घरावरचा अतिक्रमणाचा प्रकार आहे. संस्थेची जीप २० जूनला धुळ्याला जाणार असल्याचं कळतं. तिने वाट वाकडी करून दोन्ही मडकी उचलावीत, असा लेखी हुकूम तू ताबडतोब धाडावास. म्हातारीने एकटीने काय काय सोसायचं?

तुझी फुई,
यशोदाबाई

ता. क. मडकी बांधायला भिकुबाई पेंढा देत नाही. विचारलं तर ऐकू न आल्यासारखं करते.

आणखी ता. क. (चार दिवसांनी; पत्र टाकायचं राहिलं.) वर मडकी उचलण्याबद्दल लिहिलं ते रद्द समज. जीप येऊ दे, पण रिकामी नको. हाडांची ती पत्र्याची पेटी पुण्याहून सोबत आण म्हणावं. कय्युमला पुन्हा बोलावून चुलीच्या उजव्या हाताला खड्डा काढून घेतला आहे, तळाला पांढरी माती घातली आहे. इजिप्तच्या त्या घरांतही जमिनीखाली लेकरं निघतात आणि असं का करत ते तुझ्या तिथल्या साहेबांना कळत नाही, असं तू लिहिलं होतंस. त्यांना कळायचं नाही. संस्थेने हरकत घेतली तर सांग, तुमच्याकडे कपाटं भरून लेकरं आहेत, फुईकडे एकच आहे. पाणी उतरायचं कालपासून थांबलं आहे, दूधही तसंच राहतं. फक्त उंबऱ्यावर रस्त्याच्या बाजूला बसलेल्या पोराएवढी ओल असते. भर उन्हातही ती वाळत नाही. ते वाट बघतं आहे, रतिलाल. मडकी तोंडाला तोंड कशी बसवायची, डोकं कुठल्या दिशेला होतं, हे तू उचललंस म्हणून तुलाच ठाऊक. चित्र काढून पाठव. उत्तर लेखी हवं, १५ जूनच्या आत. तार करू नकोस, तारेत चित्र येत नाही.