झाकलेली विहीर

जैसलमेरजवळ, १० फेब्रुवारी २००३

ती. क्रांतीआक्कास,
जोतीरामाचा शि. सा. नमस्कार. विहीर आताच तळाला गेली हे वाचून संताप आला. ऊस रात्रंदिवस पितो आणि तू हांडा घेऊन काठावर उभी, हा कुठला न्याय? इथं आमच्या छावणीजवळच्या वाडीत वर्षाला चार सरी पडतात. तरी घरोघरी जमिनीत बांधलेला टाका, म्हणजे पावसाच्या पाण्याचा हौद, आहे. त्यावर झाकण, झाकणाला कुलूप. माणसं बाजेवर बसून अंघोळ करतात आणि खाली परातीत पडलेलं पाणी बकरीला पाजतात. आपण मात्र पाणी उघडं टाकून उन्हाला पाजतो. दाजींना सांग, विहीर झाका. आणि तुझ्या सासूबाईंना सांग, काठावर दिवा लावून पाणी वाढत नाही. ती अंधश्रद्धा आहे.
रागावलीस तरी माया पातळ करू नकोस.
तुझा जोतीराम

माळवाडी, ता. हातकणंगले, २ मे २००३

चि. जोतीरामास अनेक आशीर्वाद, वि. वि.
तुझं पत्र ह्यांनी पारावर मोठ्यानं वाचून दाखवलं. बांबू टाकून, वर उसाचं पाचट पसरून विहीर झाकली. विहिरीला पदर दिला म्हणून गाव हसलं. आता मे महिन्यात फक्त आपल्याच विहिरीत पाणी आहे आणि हसणाऱ्यांच्याच बायका रांगेत आहेत. एकच झालंय, पाचट आत पडून कुजलंय, वास मारतो. पुढल्या सोमवारी, बारा तारखेला, हे गाळ काढायला उतरणार आहेत. मला आतून धाकधूक वाटते. तिथली माणसं टाक्यात कशी उतरतात, विचारून कळव.
उन्हात डोक्याला बांधत जा.
तुझी आक्का

जैसलमेरजवळ, ९ मे २००३

आक्का,
नमस्कार मागून. दाजींना विहिरीत उतरू देऊ नकोस. आपण पाचट घातलं म्हटल्यावर इथल्या म्हाताऱ्या गुराख्यानं कपाळाला हात लावला. आत एक पान जाऊ नये म्हणून हे लोक टाक्याभोवतीचं अंगण झाडतात. कुजलेल्यातून घातक हवा सुटते, ती झाकणाखाली कोंडते. उतरण्याआधी दोन दिवस टाका उघडा ठेवतात, मग आत पेटता दिवा सोडतात. दिवा विझला तर कोणी उतरत नाही. मी झाकण पाहिलं, झाडू पाहिला नाही, आणि भाषण ठोकलं. गावातला फोन लागत नाही. तार केली आहे. घाईत लिहितोय, अक्षर लावून घे.
जोतीराम

कोल्हापूर, १५ मे २००३

चि. जोतीरामास आशीर्वाद.
तार आणि पत्र काल एकदमच आली. हे सोमवारीच उतरले. आधी सासूबाईंनी विहिरीची ओटी भरली आणि बादलीतनं दिवा खाली सोडला. विझला. पुन्हा लावला, पुन्हा विझला. अवलक्षण हाय म्हणत त्यांनी ह्यांचा हात धरला. हे हसले. म्हणाले, "अंधश्रद्धा हाय ती आई, जोतीरामानं लिवलंय की." मीही हसले रे.
सासूबाईंनी हट्टानं ह्यांच्या कमरेला कासरा बांधला होता, म्हणून चौघांनी वर ओढलं. ओठ निळे पडले होते. तेव्हापासून इथं दवाखान्यात नाकाला नळी आहे. काल मला ओळखलं, बोलणं अजून अडखळतं. जरा डोळा लागला की मी नाकाशी बोट धरून बसते.
शुद्धीवर आल्यावर पहिलं विचारलं, विहीर उघडी टाकली का. रांगेतल्या बायकांनी पाचट काढलंय. आता पत्र्याचं झाकण करायचं, असं हे म्हणतात.
सासूबाई बाहेर बाकड्यावर बसून आहेत. त्यांना तू पत्र लिही. भाषण नको. त्यांना वाचता येत नाही, मोठ्यानं मलाच वाचावं लागेल. म्हणजे तू आणि मी, दोघांनीही त्यांची माफी मागितल्यासारखं होईल.
तुझी आक्का