सतरा तारखेनंतर

सोमवार, ६ जानेवारी २०२५. सकाळ, ७.१०

यूपीएसच्या बॅटरीवाल्यानं ही डायरी दिली. दरवर्षी देतो, दरवर्षी उन्नती तिच्यात चित्रं काढते. यंदा मी लिहिणार. मराठीत. दिवसभर हिंदी बोलून आणि इंग्रजीत मेल लिहून घरची भाषा सुटून राहिली.

कारण असं की शुक्रवारी वर्क-लाइफ बॅलन्सचा ऑनलाइन सेमिनार अटेंड केला. पूर्ण दोन तास. एका स्क्रीनवर सेमिनार, दुसऱ्या स्क्रीनवर अकाउंट्सच्या मॅडमचा कंप्युटर फॉरमॅट. दोन्ही कामं झाली. म्हणजे बॅलन्स माझ्यात आहेच, फक्त घरच्यांले दिसून नाही राहिला.

परिस्थिती: छत्तीसगडात, भिलाईजवळ रसमड्याच्या रोलिंग मिलमध्ये मी आयटी अ‍ॅडमिनिस्ट्रेटर. अकरा वर्षं झाली. एकशे दहा कंप्युटर, दोन सर्वर आणि मी एकटा. जुनवानीत घर. घरी गीतांजली, माझी बायको, शाळेत गणित शिकवते. उन्नती पाचवीत. आणि बाबा. नाव बाबाराव. भिलाई स्टील प्लांटमधून क्लार्क म्हणून रिटायर झाले, क्वार्टर सोडून आठ वर्षं होऊन गेली, पण अजून ते 'आपल्या इकडे' म्हणाले की समजायचं सेक्टर दहा, जिथं ते क्वार्टर होतं.

ठरलं ते असं: सातनंतर फोन ड्रॉवरमध्ये. रविवार घरचा. उन्नतीले रोज अर्धा तास. सकाळी बाबासोबत एक चक्कर. उद्यापासून. आज सोमवार, बॅकअप पाहावा लागतो.

मंगळवार, ७ जानेवारी

सात वाजता फोन ड्रॉवरमध्ये ठेवला. सात वाजून बारा मिनिटांले वाजला. लाकडी ड्रॉवरमध्ये फोन जास्त जोरात वाजतो, हे माहीत नव्हतं. डिस्पॅचचा प्रिंटर. कागद अडकला होता. चाळीस मिनिटं त्यांले समजावून सांगितलं, कोणतं झाकण उघडायचं.

फोन ड्रॉवरच्या बाहेर काढला नाही. स्पीकरवर टाकून ड्रॉवरजवळ बसलो. नियम पाळला गेला.

रविवार, १२ जानेवारी

मैत्रीबाग, भिलाईचं झू. उन्नती पंधरा दिवसांपासून मागे लागली होती. तिकिटं काढली आणि गेटवरच फोन आला. काट्याचा कंप्युटर बंद पडला, चौदा ट्रक उभे. काटा म्हणजे जिथं ट्रकचं वजन होते, तो बंद झाला की पूर्ण मिल उभी राहते. गीतांजलीले म्हटलं, तासाभरात येतो, वाघ माझ्यासाठी राखून ठेवा.

सहाले परत आलो, घरी. ते तिघं तीनलेच ऑटोनं आले होते. उन्नती बाबाले पांढऱ्या वाघाचं सांगून राहिली होती. बाबा तिच्यासोबतच होते, त्यांनीही वाघ पाहिला होता, तरी ऐकून राहिले होते. मी बाजूच्या खोलीतून सगळं ऐकलं. एका प्रकारे मीही पाहिलाच.

मंगळवार, १४ जानेवारी. संक्रांत

तिळगूळ. गीतांजली काही सांगत होती, नागपूरच्या शाळेतल्या नोकरीचं. मी त्याच वेळी राजकुमार सरांचा पासवर्ड रीसेट करून राहिलो होतो. सर म्हणजे आमच्या मिलचे हेड, दर मंगळवारी पासवर्ड विसरतात. मी गीतांजलीले म्हटलं, हो, चांगलं आहे, घेऊन टाकावी.

तिच्या ओळखीच्या कोणाले तरी नोकरी लागली वाटते. चांगली गोष्ट आहे. ती खूप वेळ माझ्याकडे पाहत होती. बहुतेक माझं मत तिले पटलं.

रविवार, २ फेब्रुवारी

मोठी आयडिया. घराचं एक शेअर्ड कॅलेंडर बनवलं. उन्नती हिरवी, बाबा निळे, गीतांजली गुलाबी, मिल लाल. लाल जरा जास्त दिसते, पण तो स्क्रीनचा दोष आहे.

गीतांजलीले इन्व्हाइट पाठवलं: 'बोलणं, दर बुधवारी, आठ ते साडेआठ'. तिनं स्वयंपाकघरातून अ‍ॅक्सेप्ट केलं. ऑफिसात लोक तीन-तीन दिवस अ‍ॅक्सेप्ट करत नाहीत.

बुधवार, १९ फेब्रुवारी

बुधवारची मीटिंग तिसऱ्यांदा पुढे ढकलावी लागली. पहिल्या वेळी यूपीएस, दुसऱ्या वेळी ऑडिटवाले, आज हजेरीचं मशीन कोणाचाच अंगठा घेऊन नाही राहिलं. बाबा सांगून राहिले की गीतांजली तिन्ही बुधवारी आठले दोन कप चहा घेऊन टेबलावर बसली होती. माझा चहा मग बाबा पितात. त्यांले रात्री चहा चालत नाही, झोप लागत नाही. त्यांनी तक्रार केली नाही, फक्त सांगितलं.

पुढे ढकललेली मीटिंग म्हणजे रद्द झालेली मीटिंग नाही. हा फरक घरी समजावून सांगावा लागेल.

शनिवार, १ मार्च

सरांनी फायनल केलं. १५-१६ मार्चले पूर्ण सिस्टम जुन्या सर्वरवरून नव्यावर न्यायची. अकरा वर्षांचा डेटा. ही गोष्ट एकदा झाली की प्रॉब्लेम येणंच बंद. मग सातले घरी, रविवार पूर्ण, मैत्रीबाग पुन्हा. मी गीतांजलीले स्पष्ट सांगितलं की घरचं जे काही असेल ते सतरा तारखेनंतर बोलू.

ती म्हणाली, "सतरानंतर बोलायचं काही राहणार नाही."

इतका समजूतदारपणा मले अपेक्षित नव्हता. मन हलकं झालं.

गुरुवार, ६ मार्च

उन्नतीच्या शाळेचा एक फॉर्म आला होता, त्यावर सही केली. मी व्हेंडरसोबत कॉलवर होतो. गीतांजलीनं फॉर्म समोर ठेवला, पेन हातात दिला, विचारलं, वाचलं का. मान हलवली. दोन ठिकाणी सही. वेळ लागला चाळीस सेकंद.

लोक उगीच म्हणतात की नोकरीवाल्या बापाले मुलांच्या शाळेकडे लक्ष देता येत नाही.

शुक्रवार, १४ मार्च. होळी

रंग खेळायले थांबलो नाही. उन्नतीनं गेटवर माझ्या गालाले हिरवा रंग लावला आणि म्हणाली की एकच बोट लावते, तुम्हाले ऑफिसात जायचं आहे. दहा वर्षांची पोरगी. मिलमध्ये सरांनी विचारलं, हे काय लागलं आहे. पुसून टाकलं.

सोमवार, १७ मार्च. दुपार

झालं! पूर्ण माइग्रेशन. एकतीस तास सलग मिलमध्ये. एक फाइल हरवली नाही. सर म्हणाले, वेल डन. आत्ता उठलो, घरी कोणी नाही, दोघी शाळेत, बाबा पेपर वाचून राहिले.

गीतांजलीनं कपाटं आवरली दिसतात. तिचं अर्धं कपाट रिकामं. उन्नतीची पुस्तकं खोक्यात, वर नाव लिहून. साफसफाईत ती माझ्यापेक्षा पुढे आहे. संध्याकाळी तारीफ करायची, विसरायचं नाही.

संध्याकाळ, ६.०० नव्या सर्वरवर काटा कनेक्ट नाही होऊन राहिला. निघालो.

रविवार, २३ मार्च

हे नीट लिहावं लागेल.

सकाळी गीतांजलीनं लॅपटॉप बंद केला. हातानं, वरचं झाकण पाडून. तिनं आजपर्यंत असं कधी केलं नव्हतं. म्हणाली की दुपारच्या गाडीनं ती आणि उन्नती नागपूरले जाऊन राहिल्या. मी विचारलं, किती दिवस. तेव्हा समजलं की नागपूरच्या शाळेतली ती नोकरी तिचीच होती. एक एप्रिलपासून जॉइनिंग. संक्रांतीले तिनं मले विचारलं होतं आणि मी घेऊन टाक म्हटलं होतं. मी सही केली तो फॉर्म उन्नतीची टीसी काढायचा अर्ज होता.

मी म्हटलं, असं कसं, मले कोणी सांगितलं नाही.

"मी तीनदा सांगितलं. तिसऱ्या वेळी तुम्ही फोन खाली ठेवून हो म्हटलं होतं. मले वाटलं, आता ऐकलं."

मी म्हटलं, रागावून जाऊ नकोस.

"रागावून नाही चालली. राग असता तर थांबली असती. मी तुमची वाट पाहून पाहून थकली, बस. आता नाही पाहत."

तिचा आवाज चढला नाही. बाबा खुर्चीत बसून होते. त्यांले आधीपासून माहीत होतं. त्यांले तिनं सोबत चला म्हटलं होतं, ते नाही म्हणाले. म्हणाले, मी आपल्या इकडेच बरा.

दुर्ग स्टेशनवर सोडायले गेलो. फोन कारमध्येच ठेवला, मुद्दाम. उन्नतीनं खिडकीची सीट घेतली. मी तिले म्हटलं, पोहोचल्यावर फोन कर. ती म्हणाली, तुमचा बिझी असतो, मी मेसेज करीन.

हे टेम्पररी आहे. सर्वरवर लोड वाढला की थोडा लोड दुसरीकडे टाकतात, मग परत आणतात. तसंच.

रविवार, ३० मार्च. पाडवा

गुढी बाबानी उभारली. काठी मी धरली. बाबाचे हात हलतात, हे आज पाहिलं. विचारलं, कधीपासून. म्हणाले, दिवाळीपासून. गीतांजली दोनदा डॉक्टरकडे घेऊन गेली होती.

व्हिडिओ कॉल केला. उन्नतीनं नवीन शाळेचा ड्रेस दाखवला. मी म्हटलं, छान आहे, पण फार रमू नको, वापस तर यायचंच आहे. स्क्रीनवर ती थोडा वेळ तशीच राहिली. मले वाटलं नेटवर्क अडकलं. नेटवर्क ठीक होतं.

ठरलं. चार दिवसांची सुट्टी घेऊन नागपूर. दोघींले घेऊन यायचं. अकरा वर्षांत सलग चार दिवस कधी घेतले नाहीत, सर देणार नाहीत, भांडावं लागेल.

मंगळवार, १ एप्रिल

सरांनी एका मिनिटात सुट्टी मंजूर केली. म्हणाले, चारच काहून, पूर्ण आठवडा घ्या. ही इज्जत अकरा वर्षांत कमावली.

शनिवार, ५ एप्रिल. नागपूर

दोन पॉवर बँक, लॅपटॉप, डोंगल, सर्व पासवर्डची वही. गाडीत एकही फोन आला नाही. गोंदियापाशी एकदा फोन बंद करून चालू केला.

सासरे, जानराव, रेल्वेतून रिटायर झालेले, अजनीले राहतात. त्यांनी चांगलं जेवू घातलं. कोणी काही विचारलं नाही. उन्नतीले खिडकीजवळ टेबल मिळालं आहे, वर टाइमटेबल चिकटवलं आहे, तिनंच बनवलं. रंग आहेत. लाल नाही.

सोमवार, ७ एप्रिल. नागपूर

दोघी शाळेत गेल्या. सासरे बाजारात. मी सोफ्यावर. महिन्याची सात तारीख, पगाराचा दिवस, पगाराच्या सॉफ्टवेअरले काही ना काही होतंच. अकरा वाजले, बारा वाजले, फोन नाही.

एकले मीच डिस्पॅचले फोन लावला. विचारलं, सब ठीक? तिकडून उत्तर आलं की सब बढिया आहे. रायपूरच्या एका आयटी कंपनीचे दोन जण शनिवारी येऊन सगळं जोडून गेले, आता तिकडूनच पाहतात. काटा, प्रिंटर, हजेरी, सगळं. नव्या सर्वरमुळे आता दुरूनही होते, असं म्हणाले. तो सर्वर मीच लावला. मी परत गेलो की सर बोलणार आहेत.

संध्याकाळी गीतांजली वह्या तपासून राहिली होती. मी बाजूले बसलो. सांगितलं की आता माझ्याकडे वेळ राहील, खूप राहील, तुम्ही दोघी परत चला. हे बोलताना मले वाटलं की तिले आनंद होईल.

तिनं पेन खाली ठेवलं.

"तुम्हाले वेळ मिळाला म्हणून मी नोकरी सोडू?"

चिडून विचारलं नाही. खरोखर विचारलं, जशी वर्गात विचारत असेल. ती थांबली, पुरेसं थांबली, मग पुढची वही उघडली. उन्नती आतून आली, दोघांकडे पाहिलं, आणि माझ्यासाठी पाण्याचा ग्लास ठेवून परत गेली.

बुधवार, ९ एप्रिल. भिलाई, संध्याकाळ, ६.४०

सरांनी अर्ध्या तासात सांगून टाकलं. महिनाअखेरपर्यंत रायपूरवाल्यांले हँडओव्हर, मग नोकरी संपली. मी म्हटलं, अकरा वर्षांचं काम आहे, समजावून द्यायले दोन महिने तरी लागतील. रायपूरवाल्यांनी एक फॉरमॅट दिला होता. भरून पाहिला. चार पानं झाली. चौथं अर्धं.

पाचले मिलच्या बाहेर निघालो. उजेडात. रस्त्यावर इतके लोक पाचले घरी जातात, हे माहीत नव्हतं.

घराले कुलूप. बाबा फिरायले गेले असतील. माझ्याजवळ घराची चावी नाही. कधी लागलीच नाही, मी यायच्या वेळी दार उघडायले कोणी ना कोणी असायचं.

पायरीवर बसलो. समोरच्या फ्लॅटमधल्या बाई बाहेर आल्या. रुक्मा नाव आहे, दारावर पाटी आहे, तीन वर्षांपासून राहतात. त्यांनी मले वरून खालपर्यंत पाहिलं आणि विचारलं, "किससे मिलना है?"

मी म्हटलं, बाबारावजी से.

का म्हटलं, समजून नाही राहिलं. सांगता आलं असतं.

त्या म्हणाल्या की अंकलजी बहू गेल्यापासून एकटेच राहतात, शाम को सेक्टर दस जाते हैं, पुराने दोस्तों के पास. बसायले आतून प्लास्टिकची खुर्ची आणून दिली, पाणी दिलं. आता त्याच खुर्चीवर बसून लिहून राहिलो.

बाबा साडेसातले येतात. हेही समोरच्या बाईंकडूनच समजलं.