दोऱ्यानं मोजलेला समुद्र

५ ऑगस्ट
बैठकीत तिन्ही नकाशे लागले एकदाचे. चारशे वर्षांपूर्वीच्या दर्यावर्दी नकाशांच्या छापील प्रती, मंगेशनं जहाजावर जाण्याआधी हौसेनं मागवलेल्या. सागवानी फ्रेम. समुद्रात हे मोठे राक्षसी मासे, आपला देश भेंडीएवढा बारीक. सासूबाई म्हणाल्या, "देवाचं क्यालेंडर काढून हे भूत कायले लावलं?"
दुपारी मं.चा फोन. आपल्या किनाऱ्यावरून निघून चार दिवस झाले, विषुववृत्त ओलांडलं. जवळच्या रस्त्याला धोका, म्हणून आफ्रिकेला वळसा. जहाजावरचं नेट बिघडलंय, कॅप्टनचा सॅटेलाइट फोन एकदाच मिळाला; आता केप टाउनला पोचल्यावरच फोन.

७ ऑगस्ट
मामाजींनी लेकाची वाट मोजायला मोठा नकाशा खाली उतरवला. तलाठ्याकडच्या नकाशावर दोरा धरून शेताचा धुरा-बांध मोजतात, तसा समुद्र मोजला. चार दिवसांत इतका दोरा, तर उरलेला सहा दिवसांत. "अकराले फोन येते. लिहून ठेव." कारंज्याच्या भाजीबाजारातही सांगून आले. मला हसू आलं. नकाशा शोभेचा आहे, हे तेव्हाच सांगायला हवं होतं.

११ ऑगस्ट
नाही आला. मामाजी भेंडी तोडायला गेलेच नाहीत.

१३ ऑगस्ट
नाही. सासूबाई नकाशाकडे पाठ करून बसतात. मी कुकरमध्ये पाणी घालायला विसरले. नकाशाच्या कोपऱ्यात एक छोटं जहाज कलंडलेलं आहे, लावताना दिसलंच नव्हतं. आता बैठकीत गेलं की तेवढंच दिसतं.

१६ ऑगस्ट
काल मं.च्या जहाज कंपनीला सुट्टी. आज त्यांनी फोन उचलला. "कळवतो." बस. म्हणजे काय कळवणार? कुणाला सांगू...

१७ ऑगस्ट
शेवटी बोलले. मामाजी, हा नकाशा चुकीचा आहे, त्या लोकांनी अर्धं जग अंदाजानंच काढलंय.
मामाजींनी दोरा उचलला. मग, "चुकीचा होता त मले मोजू कायले देल्लं?"
दोरा माझ्या हातात दिला. म्हणाले, "खऱ्या नकाशावर तू मोजून सांग."
शाळेतला ॲटलास घेऊन आतल्या खोलीत बसले. उघडला नाही. तारीख केव्हाच उलटून गेली असं निघालं तर? बाहेर येऊन म्हटलं, पाच दिवस अजून.
मामाजी चहा घेऊन शेतात गेले. आठवड्यात पहिल्यांदा.

२१ ऑगस्ट
कंपनीचं काही नाही. मामाजी बाजारात सांगत सुटलेत, सूनबाईनं खऱ्या नकाशावर मोजलं. आज दाढी केली, फोन चार्जिंगला लावला. "उद्या पोचतेच तो."
सासूबाईंनी भाकरी थापता थापता विचारलं, "बरोबर मोजलं नं माय?"
हो म्हटलं, तीनदा मोजलं.
लाज याची वाटते की मघाशी मीही बोटांवर मोजून पाहिलं. पाच दिवस उद्याच भरतात.