गावात औषधाचं दुकान नाही

स्लायगो, आयर्लंड
१४ ऑगस्ट १९९८

चि. ॲलिस्टर यास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आणि दुकानाचा फोटो पोचला. फिंटनने फोटो खिडकीपाशी नेऊन निरखून पाहिला आणि मला विचारलं की तुझ्या भावाने दुकान मोडून पोलीस चौकी काढली की काय! मी सांगितलं की फुटबॉलच्या निळ्या संघापायी वेड्या आमच्या क्रेगलॉत केमिस्टचा क्रॉससुद्धा निळाच लागतो. त्याला खरं वाटेना. जिथे जाल तिथे औषधाच्या दुकानावर हिरवा क्रॉस, आणि माझ्या एकुलत्या एका भावाच्या दुकानावर निळा! डॉक्टरांनी हिरवी गोळी लिहून दिली तर तीही रंगवून देतोस का रे? आणि मॅकफेल वाणी हिरवे वाटाणे अजून कागदात गुंडाळूनच विकतो ना?

चेष्टा पुरे. हिरवा क्रॉस चारच दिवस टिकला, एवढं एका ओळीत लिहून तू आईच्या गुडघेदुखीकडे वळलास. मी काय तुला आज ओळखते? काच फोडली का कुणी? खरं काय ते कळव.

माझी पत्रं आईला वाचून दाखवतोस का? सोळा वर्षं झाली. आपण प्रोटेस्टंट, फिंटन कॅथलिक, त्यातून हिरव्या फुटबॉल संघाचा; त्याच्याशी लग्न केलं म्हणून बाबांनी मला घराबाहेर काढलं. ते हट्टीच होते, त्यांचं मी समजू शकते. पण बाबांना जाऊनही सहा वर्षं झाली. आता आईला कोण अडवतंय? तिने दोन ओळी लिहिल्या तरी माझा जीव निवेल.

फिंटनचा नमस्कार. माया आहेच तुझी, पत्रं मात्र जरा लांबीने वाढू देत.

तुझी ताई,
मॉर्व्हेन


क्रेगलॉ
२३ ऑगस्ट १९९८

ती. मॉर्व्हेनताईस,
सा. न. वि. वि.

काच कुणी फोडली नाही. फोडली असती तर बरं झालं असतं, निदान पोलिसांकडे जाता आलं असतं. सोमवारी मी तो दिव्याचा क्रॉस लावला. मंगळवारी मिसेस टेननंट आल्या. त्या बाबांच्या वेळेपासून रक्तदाबाच्या गोळ्या आपल्याकडूनच नेतात. त्यांनी चिठ्ठी पुढे ठेवली, माझी तब्येत विचारली, आणि आयर्लंडहून काही बातमी का असं विचारून माझ्या तोंडाकडे बघत राहिल्या. न्हावी ड्युगल्ड दारातूनच म्हणाला की आता पोपसाहेबांचं तीर्थही बाटलीत भरून ठेव, खपेल. गुरुवारी अख्ख्या दुपारी तीन गिऱ्हाइकं. स्ट्रॅथम्यूरला, सात मैलांवर, दुसरा केमिस्ट आहे. त्या बसला म्हणे उभं राहायला जागा नव्हती.

शेवटी आई कठडा धरत जिना उतरली. रस्त्याच्या मध्यावर उभी राहून वर बघितलं आणि म्हणाली की ह्या रंगाने माझी मुलगी नेली, आता दुकानही द्यायचं आहे का त्याला. मग मीच शिडी लावली आणि क्रॉसच्या काचेवर निळा कागद चिकटवला.

ताई, तू लांब आहेस, तुला हसू येतं. इथे बँकेने हिरवं दार काळं केलं, सँडविचवाल्याने हिरवी पाटी करडी केली, क्लबातल्या बिलियर्डच्या टेबलावरही निळं कापड आहे. मी एकटाच शहाणा कशाला होऊ? ज्याला औषध हवं त्याला माझं दुकान पाठ आहे. रंगाने कुणाचं काय अडतं?

तुझी पत्रं मी आईच्या उशाशी ठेवतो. ती वाचते की नाही ते मी विचारत नाही. रागावू नकोस, आणि रागावलीस तरी पत्र धाड.

तुझा धाकटा,
ॲलिस्टर


क्रेगलॉ
१६ सप्टेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

हिरव्यांविरुद्धचा सामना आपण जिंकलो, दोन-एक! भावोजींचं माझ्या वतीने सांत्वन कर. ते दोन दिवस जेवले नसतील तर मला मनापासून वाईट वाटेल असं सांग.

शनिवारी दुपारी गावात चिटपाखरू नव्हतं. अर्धं गाव ग्लासगोला, उरलेलं टीव्हीपुढे. मी दुकान उघडं ठेवून रेडिओ ऐकत बसलो होतो. परगावची एक गाडी तेवढी दोनदा हळूहळू गेली.

एक वाईट बातमी आहे. त्याच दुपारी नदीकाठी सहलीला आलेल्या एका पाहुण्याला गांधीलमाशी चावली, घसा सुजून श्वास कोंडला आणि स्ट्रॅथम्यूरला पोचेपर्यंत तो गेला. मिस्टर पॅस्को नाव, इंग्लंडातल्या कॉर्नवॉलचे, साठीतले. गाडी बायकोच चालवत होती. आई फार हळहळली.

आईचा गुडघा ठीक. लोभ असू दे.

ॲलिस्टर


क्रेगलॉ
४ ऑक्टोबर १९९८

ती. ताईस,
सा. न.

आठवड्याच्या पेपरात मिसेस पॅस्कोंचं पत्र आलं आहे. स्ट्रॅथम्यूरच्या ॲम्ब्युलन्सवाल्यांचे आणि तिथे त्यांना चहा करून देणाऱ्या बाईचे आभार मानले आहेत. शेवटी लिहिलंय की क्रेगलॉ इतकं देखणं गाव, पण तिथे औषधाचं दुकान नाही. एखादं काढायचं नगरपालिकेने मनावर घ्यावं, म्हणजे दुसऱ्या कुणावर अशी वेळ येणार नाही.

औषधाचं दुकान नाही! ताई, ती गाडी त्यांचीच होती. मी ती पाहिली. काउंटरपाशी उभा राहून पाहिली आणि मनात म्हटलं की गाडी लावायला जागा शोधत असतील, रस्ता तर सगळा मोकळा आहे. तेवढ्यात गोल झाला आणि मी रेडिओकडे वळलो. अशा वेळी जीव वाचवणारं ॲड्रेनलिनचं इंजेक्शन माझ्या मागच्या कपाटात होतं. मागच्या पत्रात गाडी एका परिच्छेदात लिहिली आणि मृत्यू दुसऱ्यात. तेव्हाच मला कळलं होतं, पण दोन्ही एकत्र लिहायचं धाडस झालं नाही.

गावात सगळ्यांनी ते पत्र वाचलंय. मिसेस टेननंट गोळ्या घेताना फक्त पिशवीत बघत होत्या. ड्युगल्डच तेवढा म्हणाला की परगावच्या माणसांना डोळे नसतात. मी त्याला दुकानाबाहेर घालवलं. आई म्हणते की पुन्हा तो विषय काढू नकोस.

मला झोप नाही. त्या बाईंना खरं लिहू का? आणि क्रॉसचं काय करू? तू सांगशील ते करीन.

ॲलिस्टर


स्लायगो
९ ऑक्टोबर १९९८

चि. ॲलिस्टर यास,
आशीर्वाद.

तुझं पत्र वाचून आधी तुझा संताप आला, मग तुला जवळ घ्यावंसं वाटलं, मग पुन्हा संताप आला. तो कागद काढ. कुणाला विचारू नकोस, मलाही नाही. तू बारा वर्षांचा नाहीस, बेचाळीसचा आहेस.

पण त्या बाईंना लिहू नकोस. जवळ औषध नव्हतंच असं मानून त्या जगतायत. दुकान चार पावलांवर होतं हे कळून त्यांचं काय भलं होणार? तुझ्या छातीवरचा दगड उचलून त्यांच्या छातीवर ठेवू नकोस. फिंटनचं म्हणणं उलट. तो म्हणतो की त्याच्या बाबतीत असं झालं तर मला खरं कळलंच पाहिजे, नाहीतर तो वरून भांडायला येईल. त्यावरून आमची अशी जुंपली की बटाटे करपले. पण मी माझं मत बदललेलं नाही.

आणि मी तरी काय केलं? त्या फोटोवर पोट धरून हसले. एखाद्याला ते दुकान सापडणार नाही, हे माझ्याही डोक्यात आलं नाही.

वेळेवर जेव. तुझ्यावर माझा जीव आहे, हे रागातही विसरू नकोस.

ताई


क्रेगलॉ
१ नोव्हेंबर १९९८

ती. ताईस,
सा. न. वि. वि.

कागद काढला. शनिवारी भर दुपारी, सगळे बघत असताना. चिकटलेला होता, नखांनी खरवडावा लागला. शिडी धरायला कुणी आलं नाही आणि खाली ओढायलाही नाही. बस मात्र परत भरून जाऊ लागली आहे. दुकान वसंतापर्यंत चालेल की नाही, सांगता येत नाही.

तुझं दुसरं मी ऐकलं नाही. मिसेस पॅस्कोंना सगळं लिहिलं. रेडिओसुद्धा.

त्यांचं उत्तर आलं. छोटंच आहे. लिहितात की तो निळा क्रॉस त्यांना दोन्ही वेळा दिसला होता. नवऱ्याला बोलता येत नव्हतं, पण तो हात उचलून तिकडे दाखवत होता. त्या त्याला म्हणाल्या की अरे, ते फुटबॉलवाल्यांचं काहीतरी आहे, आणि गाडी पुढे काढली. दुसऱ्यांदाही त्याने हात उचलला, तेव्हा त्यांनी तो धरून खाली ठेवला आणि धीर धर म्हणाल्या. त्याला काय सांगायचं होतं ते तुमच्या पत्रामुळे कळलं, असं लिहिलंय. खरं सांगितलंत ते योग्य केलंत, पण पुन्हा पत्र पाठवू नका, असंही लिहिलंय.

ताई, तुझं बरोबर होतं की भावोजींचं, मला कळत नाही.

मिसेस पॅस्कोंचं पत्र मी आईला मोठ्याने वाचून दाखवलं. तिने ते माझ्या हातातून घेतलं आणि वर गेली. दोन दिवस नीट जेवली नाही. माझ्याशी बोलत नाही, पण आज सकाळी तुझा पत्ता मागितला.

आता लिहवत नाही. मला अंतर देऊ नकोस.

ॲलिस्टर


क्रेगलॉ
५ नोव्हेंबर १९९८

चि. मॉर्व्हेन हिस,
आशीर्वाद.

अक्षर वाकडं येतंय, चालवून घे. मी काय लिहिते ते ॲलिस्टरला ठाऊक नाही. तुझी सगळी पत्रं मी वाचली आहेत, दोनदोनदा.

तो सगळा दोष स्वतःकडे घेतो, कारण शिडीवर तो चढला. त्याला वर चढवला मी. हे त्याला तू सांग, माझं तो ऐकत नाही. त्या माणसाने हात उचलला ते माझ्या डोळ्यांपुढून जात नाही.

आणखी एक. तू बाबांना दोष देतेस. ते तुला नको ते बोलले, खरं आहे. पण त्याच संध्याकाळी तू परत आलीस आणि खालून हाक मारलीस, तेव्हा ते दार उघडायला उठले होते. मी त्यांना खाली बसवलं. उद्या गावाला काय तोंड दाखवणार, मीच म्हणाले. तू पुन्हा हाक मारलीस. मग तुझी पावलं गेली. बाबा मरेपर्यंत माझ्याशी त्यावर एक शब्द बोलले नाहीत, आणि तुझ्यापुढे वाईट तेच राहिले. मी राहू दिलं.

ये म्हणायला मला तोंड नाही, तरी म्हणते. ये. नवऱ्यालाही आण. त्याला काय आवडतं ते कळव, मी करीन. नाही आलीस तर का ते मला समजेल. पण काय ठरवशील ते लवकर ठरव, मी एक्याऐंशीची आहे.

लोभ वाढवावा असं लिहायचा हक्क मी घालवला. उरला असेल तेवढा असू दे.

तुझी आई