आधी माणूस दाखवा

माय,
तुले आणि बाबांले समीक्षाचा जय भीम. मी बरी आहो. फोनवर तू रडतेस, म्हणून लिहून राहिली.

माझ्यासंग कामाले असलेल्या आपल्या गावच्या ओमेशनं तुले सांगितलं म्हणे, मी साहेबाशी भांडली. भांडलीच! काऊन, ते ऐक.

आमच्या सिमेंट कारखान्यात दुरुस्तीसाठी मशीन बंद केली का स्विचची चावी एका पेटीत ठेवतात. आत जाणारा प्रत्येक जण पेटीले आपापलं कुलूप लावते. सगळी कुलपं निघाल्याशिवाय चावी मिळत नाही, मशीन चालत नाही.

परवा काम संपलं. सगळ्यांनी कुलपं काढली, आमच्यातल्या गुलाबभाऊचं तेवढं राहिलं.

साहेब म्हणाले, "तो चहाले गेला असन. कुलूप तोडा."

मी माझं कुलूप परत लावलं. म्हटलं, "आधी माणूस दाखवा."

"नोकरी नको का तुले?"

"पाहिजे. पण मी हलत नाही."

नोकरीचं बोलले, हे बाबांले सांगू नको.

ओमेश टॉर्च घेऊन मशीनच्या पोटात गेला. गुलाबभाऊ तिथंच होता, कानात बोळे घालून बोल्ट कसत. बाहेर आला, सारं ऐकलं न खालीच बसला.

साहेबांनी माझ्याकडून माफी लिहून मागितली. मी दिली नाही. मले दुरुस्तीवरून काढलं.

तू म्हणशील, लिहून दे बाई. नाही देत, माय.

आज पुन्हा मशीन बंद झाली. गुलाबभाऊसकट सगळे पेटीपाशी उभे राहिले न म्हणाले, "समीक्षाले बोलवा, मगच आत जातो."

मले बोलावलं.

धानाची रोवणी झाली का? बाबांचा गुडघा कसा आहे?

तुझीच हट्टी पोरगी,
समीक्षा