मोकळ्या रानांचं मंडळ

३ डिसेंबर २०००, रविवार

सयाजी सकाळीच दारात! रग्बी मंडळाला दहा वर्षं झाली, पत्रिका छापायचीय, तर इतिहास लिहून द्या म्हणतो. "आबा, तुमी पेपरात लिव्हता, संस्कृत शिकलाय, तुमच्याबिगर कोन?" अंड्याच्या आकाराच्या चेंडूसाठी तीस माणसांनी मातीत लोळावं, याचा संस्कृताशी संबंध काय, हे विचारायचं राहून गेलं.

फौजेतून सुटताना लोक ट्रंका आणतात, घड्याळं आणतात. सयाजीनं रग्बी आणली. वाडीला पुरून उरली.

मी हो म्हणालो ते भरतसाठी. आमचा पोरगा, मंडळाचा कप्तान. बारावीला दोनदा बसला, दोनदा आपटला. तेव्हापासून घरात मान खाली घालून वावरतो, विचारलं तेवढंच बोलतो. चेंडू काखेत आला की मात्र मान वर. तेवढं एक ठिकाण उरलंय त्याला.

५ डिसेंबर

इतिहासाला बसलो. कोणालाच साल सांगता येत नाही! गेणभाऊला विचारलं, पुण्याच्या संघाला पहिल्यांदा हरवलंत ते कधी? म्हणाला, "माज्या वरच्या रानात व्हतं ना मैदान, त्या सालाला. बाजरी लई बेस व्हती." हौशीराम म्हणाला, "छ्या! ते माज्या रानात. खुणेचा दगड बी हाय." दोघांची जुंपली. मी पान उलटलं.

मंडळाला स्वतःचं मैदान कधीच नव्हतं. खरिपाची बाजरी निघाली, की ज्याचं रान मोकळं, तिथं निलगिरीचे खांब रोवायचे. विहिरींना पाणी नाही, दुसरं पीक नाही. पावसाळ्यापर्यंत रान पोरांचं. दर वर्षी नवीन धनी. राजांच्या नावानं शक मोजतात तसा आमचा काळ रानमालकांच्या नावानं चालतो. गेणभाऊ शके, हौशीराम शके.

८ डिसेंबर

आता काळजीचं. पाट आलाय. यंदा पहिल्यांदा आमच्या चारीला, म्हणजे पाटाच्या फाट्याला, पाणी सुटणार. बातमी मीच दिली होती पेपरात, हौसेनं, चौकटीत! आता ज्याच्या त्याच्या रानात वाफे, सऱ्या, गव्हाची पोती. भरत काल पाच घरं फिरला. हौशीराम म्हणाला, "औंदा न्हाई रं बाबा. जलम गेला कोरडा. आता तुज्या चेंडूपायी गहू सोडू व्हय?" काय चूक बोलला?

भरत आला, न जेवता झोपला.

१० डिसेंबर

घरचा सामना सतराला आहे. गेले दोन हंगाम झाला नाही. यंदाही झाला नाही तर स्पर्धेच्या यादीतून नाव काढू, असं पुण्याच्या रग्बी संघटनेनं फोनवर सांगितलंय. मग मंडळ संपलं. आणि भरत? हा प्रश्न लिहिला आणि खोडणार होतो. राहू दे.

११ डिसेंबर

आमचं पांदीकडचं रान देऊन टाकलं! सतरापुरतं नव्हे, सबंध वर्षासाठी. सयाजीला शब्द दिला. भरतनं चार वाक्यं सलग बोलून दाखवली. या वर्षातला विक्रम.

सौभाग्यवतींना मागाहून कळवलं. चूक. साळूनं त्या रानासाठी कांद्याचं रोप टाकलंय, वीतभर झालंय. "इतकी वरसं पाणी न्हाई म्हनून न्हाई. आता पाणी येतंय, तर तुमी रानात खांब लावताय! लोकांनी हसावं ना?" मी म्हणालो, पोरासाठी. ती म्हणाली, "पोरगं माजं बी हाय." त्यानंतर बोलणं बंद. ताट समोर येतं, शब्द येत नाही.

१४ डिसेंबर

जानकू पाटकरी म्हणतो, पाणी मंगळवारी. पाट कोरडा पाहून बरं वाटलं. शेतकऱ्याच्या पोटी जन्मून पाणी येऊ नये म्हणून हात जोडले — कुठल्या देवाला हे विचारू नये.

१६ डिसेंबर

ढेकळं फोडली, पाटा फिरवला, पोरांनी फक्की मारली. पांढऱ्या रेघा बऱ्यापैकी सरळ. वलीच्या सायकल-दुकानात चेंडूत हवा भरून आणली. वलीचा तालिब आमच्या संघातला सगळ्यात जाड गडी. "आबा, उद्या माझ्या मागं उभं ऱ्हाऊ नका, दिसायचं न्हाई काई."

 

१७ डिसेंबर, रविवार

काय लिहू!

पुण्याची बस आली, दोन्ही संघ मैदानात उतरले, बांधावर गाव जमलं. सुरुवात देखणी. खांद्याला खांदे लावून सगळे वाकले, की सोळा पदांचा समास — विग्रह करायला सयाजीची शिट्टी लागते. मग चेंडू भरतकडे आला. दोघांना चुकवून तो थेट रेघेपलीकडे जाऊन पडला. पाच-शून्य! उठला तेव्हा तोंडभर माती आणि हसत होता. मी किती दिवसांनी ते दात पाहिले.

मध्यंतरात पोरं गूळ-शेंगदाणे खात होती. जानकू लूनावर आला, लांबूनच ओरडत — "पाणी सुटलं रं! चारीला लागलं! पैली पाळी वरच्या आळीची!"

 मग गेणभाऊचे दोघे पोरगे एकमेकांकडे बघू लागले. थोरला म्हणाला, "भरतभाऊ, आलोच रानात पाण्याला दार धरून." आणि पळाले, अंगात मंडळाची बनियन, हातात कोणाचं तरी खोरं. त्यांच्यामागं हौशीरामचा. मग सगळेच. पाळी चुकली तर पाणी पुढच्या रानात जातं, मग महिनाभर वाट! बांधावरचं गावही उठलं. सयाजी शिट्टी फुंकतोय, "अरे थांबा! फौजेत असतात तर गोळ्या घातल्या असत्या!" थोड्या वेळानं तोही चारीकडं बघू लागला. मग शिट्टी माझ्या हातात दिली. "आबा, धरा जरा. माजा हरभरा वाळतोय." गेला!

पुण्याचा कप्तान हादरला. "क्या हुआ? कोई मर गया क्या?" तालिब म्हणाला, "नहीं साब. पानी आया."

मैदानात आमचे दोघेच उरले. भरत आणि तालिब. मी तालिबला म्हटलं, तू तरी थांबलास. तो म्हणाला, "आमाला रानच न्हाई ना आबा. कुठं पळू?"

पाहुणे सज्जन. चहा पिऊन बसमध्ये बसले.  यादीतून नाव जाणार, हे सांगायला आता फोनही नको.

भरत मैदानाच्या मधोमध बसून राहिला. चारही बाजूंनी लोकांच्या हाका, पाण्याचा आवाज, आणि मध्ये आमचं कोरडं रान. मी जवळ गेलो. शेजारी मातीत बसलो.  त्यानं वर पाहिलंच नाही. घरी आला, भिंतीकडे तोंड करून पडला. साळू सहा दिवसांनी माझ्याशी बोलली. हळूच म्हणाली, "त्येला एकट्याला सोडू नका."

१८ डिसेंबर

उजाडताच पाहिलं — अंथरूण रिकामं. चप्पल तिथंच. मी आधी विहिरीकडे धावलो. तिथं नव्हता. मग पांदीनं रानाकडे, अनवाणी.

बांध त्यानंच फोडला होता. पाणी मधल्या रेघेपर्यंत आलं होतं, फक्की त्यात विरत चालली होती. कडेला साळूच्या रोपाच्या जुड्या. घोट्याभर चिखलात उभं राहून तो सरी ओढत होता. मला पाहिलं. मान वरच होती.

"आबा, नुसतं बघत काय उभं ऱ्हायलाय? घरनं दुसरं खोरं आना. आपली पाळी नवापत्तूरच हाय."