चांगल्या कोपऱ्यातली माती

हैदराबादजवळचा मळा
४ नोव्हेंबर २०२४

चि. रेणुकास किशनकाकाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर मी चिडतो आणि तू ठेवून देतेस, म्हणून लिहितो आहे. उन्हाळ्यात तुझ्या प्रयोगशाळेने माझी माती निर्दोष ठरवली. मग नाल्याकडची तूर पिवळी का पडते? खत घातलं, झिंक टाकलं, तरी ढिम्म! वर नाल्यापलीकडच्या बॅटरी कारखान्याचा मॅनेजर त्याच तपासणीचा कागद गावभर नाचवतो आणि म्हणतो, आमच्या पाण्याने काही होत नाही. तुम्ही शिकलेली माणसं करता तरी काय?

आमच्या सूनबाईला, तन्वीला, सातवा महिना लागला. रक्त कमी आहे, कोठीच्या दवाखान्यातली डॉक्टरीण डाळ खायला सांगते. पोरगी दोन्ही वेळा घरचीच तूर खाते, तेवढंच समाधान.

लोभ आहेच, तो उत्तरातही दिसू दे.
तुझा काका

नारायणगुडा
१५ नोव्हेंबर २०२४

ती. काकांस रेणुकाचा सा. न. वि. वि.

घरची डाळ आजच्या आज बंद करा. पुढचं नंतर वाचा.

रविवारी तुम्ही आबिड्सला गेला होतात, तेव्हा मी मळ्यात येऊन नाल्याकडची चार झाडं मुळासकट उपटून नेली. मुळांवर गाठी जवळजवळ नाहीतच, आणि तुरीला हवेतला नत्र मिळतो तो त्या गाठींतूनच. मातीत आणि शेंगांत कॅडमियम निघालं. हा धातू मुळांशी जस्ताची आणि लोहाची वाट अडवतो. तुम्ही पोतंभर झिंक ओतलंत तरी झाडाला पोचणार किती? दाण्यात लोह कमी, विष जास्त, आणि तेच तन्वीच्या ताटात! माझ्या अंगाचा तिळपापड झाला आहे.

काका, उन्हाळ्यातली माती खरंच नाल्याकडची होती का? तुमच्या शब्दावर मी पाकिटावर तसं लिहून सही केली होती.

खरं सांगाल, एवढा लोभ मागते.
रेणुका

मळा
२० नोव्हेंबर २०२४

चि. रेणुकास आशीर्वाद.

नव्हती. विहिरीजवळच्या कोपऱ्यातली होती. पुतणीच्या ऑफिसात आपली माती जाणार, चार साहेब बघणार, म्हणून काळीभोर निवडून, खडे वेचून, चाळून दिली. नाल्याकडची तेलकट माती द्यायची लाज वाटली. विष त्यांनी सोडलं, आणि निर्दोष असल्याचा दाखला त्यांना मी माझ्या हाताने दिला. स्वतःच्या थोबाडीत मारून घ्यावीशी वाटते.

पण त्या मॅनेजरला सोडणार नाही. मंगळवारी कलेक्टर कचेरीत नाल्याच्या तक्रारीची सुनावणी आहे. शेजारचे एकनाथराव म्हणाले, नक्को, गप बसा, गावात हसं होईल. होऊ दे! आधी माझी चूक सांगेन, मग नाल्याकडची माती साहेबांच्या टेबलावर ओतेन. तू नवा कागद घेऊन ये.

तन्वीला सगळं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. पोटावर हात ठेवून एवढंच विचारलं, की अशी डाळ आपण किती महिने खाल्ली. पहिल्या महिन्यापासून, असं मला सांगावं लागलं.

हवी तेवढी रागाव, माया मात्र तोडू नकोस.
किशनकाका